वर्षासनाचे डॉक्टर
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



मराठी घरांत, मग ते घर पुण्याचे असो, बडोद्याचे असो, बेळगावचे असो की इंदूर-ग्वाल्हेरकडचे असो, ‘आमचे डॉक्टर’ हे दोन शब्द एके काळी मोठ्या आपुलकीने उच्चारले जात. आजोबांचा दमा, सूनबाईचे बाळंतपण, नातवाचा गोवर, या साऱ्यांचा इतिहास त्या एका माणसाच्या डोक्यात साठवलेला असे. रात्री-अपरात्री निरोप गेला की तो कातड्याची पेटी घेऊन सायकलवरून किंवा टांग्यातून हजर होई. त्याचे निदान नेहमीच अचूक ठरे असे नाही आणि त्याच्या पेटीतली औषधेही मोजकीच असत. परंतु तो रोग्याच्या उशाशी घटकाभर बसे, घरच्या माणसांची विचारपूस करी आणि मगच नाडीला हात लावी. ‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ असे लोक म्हणत, त्या गुणातील बराचसा भाग या घटकाभराच्या बैठकीचा होता असे म्हणावयास हरकत नाही.

ती बैठक आता जगात सगळीकडेच दुर्मिळ झाली आहे. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात तर ती स्वतंत्रपणे विकत घ्यावी लागते. तेथे गेल्या सुमारे तीस वर्षांत वैद्यकाची एक निराळी शाखा वाढली असून तिला ‘कॉन्सिअर्ज मेडिसिन’ असे नाव पडले आहे. कॉन्सिअर्ज हा मूळचा फ्रेंच शब्द. इमारतीचा राखणदार, आणि पुढे मोठ्या हॉटेलात पाहुण्यांची हरेक सोय पाहणारा कारभारी, असा त्याचा अर्थ. रुग्णाने डॉक्टरला दरवर्षी एक ठराविक रक्कम द्यावयाची आणि त्या बदल्यात डॉक्टरने मोजकेच रुग्ण पत्करून त्यांना भरपूर वेळ, त्याच दिवशी भेट आणि स्वतःचा दूरध्वनी क्रमांक द्यावयाचा, असा हा करार असतो. संस्थानी काळात शास्त्री, कीर्तनकार व वैद्य यांना दरबारातून वर्षासन मिळत असे. ती गोष्ट ज्यांच्या कानांवरून गेली आहे, त्यांना या प्रकाराला वर्षासनी वैद्यक म्हटले तर ते चटकन उमजेल. फरक एवढाच की, तेथे वर्षासन देणारा दरबार होता आणि येथे देणारा रुग्ण स्वतः आहे.

या व्यवस्थेकडे सामान्यतः रुग्णाच्या बाजूने पाहिले जाते. आज ती डॉक्टरच्या बाजूने पाहावयाची आहे. या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्या डॉक्टरपुढे कोणकोणत्या वाटा आहेत, प्रत्येक वाटेचे मोल काय, आणि त्या वाटेने तो निघून गेला म्हणजे मागे कोण उरतो, हे पाहिल्याशिवाय या धंद्याची खरी ओळख होणार नाही.

डॉक्टर का कंटाळला?

अमेरिकेत डॉक्टर होण्यासाठी शालेय शिक्षणानंतर चार वर्षे महाविद्यालय, चार वर्षे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यानंतर सर्वसाधारण वैद्यकासाठी तीन वर्षांची रेसिडेन्सी, अशी किमान अकरा वर्षे खर्ची पडतात. कर्ज काढून शिकलेला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्याच्या डोक्यावर सामान्यतः दोन लाख डॉलरांच्या आसपास बोजा असतो. हृदयरोगाचा किंवा अस्थिरोगाचा तज्ज्ञ हा बोजा लवकर फेडतो. सर्वसाधारण आजार पाहणाऱ्या, म्हणजेच आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरला मात्र तेथे डॉक्टरांमध्ये कमी प्राप्ती असते आणि काम मात्र अधिक.

या डॉक्टरच्या यादीत दोन-अडीच हजार रुग्णांची नावे असणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही. विमा कंपनी प्रत्येक भेटीमागे ठराविक रक्कम देते, तेव्हा दवाखान्याचे भाडे, परिचारिकेचा पगार आणि हिशेबनिसांचा खर्च भागवावयाचा तर दिवसाला वीस-वीस रुग्ण पाहिल्यावाचून गत्यंतर नसते. एकेका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम पंधरा मिनिटे येतात. त्यातही डॉक्टरची नजर रुग्णाकडे कमी आणि संगणकाच्या पडद्याकडे अधिक असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत असे दिसून आले की, दवाखान्यातील डॉक्टर रुग्णाबरोबर प्रत्यक्ष जो एक तास घालवितो, त्यामागे जवळजवळ दोन तास त्याला संगणकातील नोंदी व कागदपत्रे यांत घालवावे लागतात. ज्याने माणसे बरी करण्याची हौस धरून अकरा वर्षे खपविली, तो संध्याकाळी घरी जातो तो कारकुनी संपवून, आणि पुष्कळदा कारकुनी बरोबर घेऊन.

म्हणून वर्षासनी वैद्यकाकडे वळणाऱ्या डॉक्टरच्या मनात केवळ पैशाचा लोभ असतो असे समजणे अन्यायाचे होईल. पैसा आहेच. पण त्याच्या जोडीला वेळेची भूक आहे, आणि ती खरी आहे.

सिअ‍ॅटलहून सुरुवात

या प्रकाराचा उगम सामान्यतः १९९६ साली वॉशिंग्टन राज्यातील सिअ‍ॅटल शहरात झाला असे मानतात. तेथील डॉक्टर हॉवर्ड मॅरन हे ‘सुपरसॉनिक्स’ या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे डॉक्टर होते. खेळाडूंना जशी हाकेसरशी सेवा मिळते, तशी ती इतरांना का मिळू नये, या विचाराने त्यांनी ‘एमडी स्क्वेअर्ड’ नावाचा दवाखाना काढला. एका डॉक्टरने फक्त पन्नास कुटुंबे घ्यावयाची हा त्याचा नियम. वर्गणी अर्थातच धनिकांनाच झेपेल अशी, वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वरची होती.

त्याच शहरात १९९७ साली डॉक्टर गॅरिसन ब्लिस यांनी त्याच कल्पनेला थोडे साधे रूप दिले. पुढे २००० साली फ्लॉरिडा राज्यात ‘एमडी-व्हीआयपी’ ही कंपनी निघाली. तिने वर्गणी सुमारे दीड हजार डॉलरांवर आणून आणि एका डॉक्टरकडे सहाशेपर्यंत रुग्ण ठेवून ही कल्पना धनिकांच्या दिवाणखान्यातून सुखवस्तू मध्यमवर्गाच्या ओसरीपर्यंत आणली. अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००५ साली या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. ऑक्टोबर २००४ पर्यंत असे केवळ १४६ डॉक्टर त्यांच्या नजरेस आले होते. त्यांची वार्षिक वर्गणी साठ डॉलरांपासून पंधरा हजार डॉलरांपर्यंत पसरलेली होती. त्यानंतर हा आकडा वाढत गेला, आणि मोठमोठ्या भांडवलदारांचे लक्षही तिकडे वळले.

वाटा कोणत्या?

पहिली वाट स्वतःच्या जुन्या दवाखान्याचे रूपांतर करण्याची. पन्नाशीच्या आसपासचा एखादा डॉक्टर कल्पावा. वीस वर्षांचा जम, तेवीसशे रुग्ण, गावात नाव. तो सगळ्यांना पत्र धाडतो की, अमुक तारखेपासून माझी वार्षिक वर्गणी दीड हजार डॉलर राहील, ज्यांना रुचेल त्यांनी नाव नोंदवावे. आता किती जण राहतील? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा डॉक्टरांची पाहणी झाली होती. जुना दवाखाना बदलून या व्यवस्थेत आलेल्यांनी आपल्या पूर्वीच्या रुग्णांपैकी सरासरीने अवघे बारा टक्के राखले होते. म्हणजे आपल्या या काल्पनिक डॉक्टरकडे दोनशे पंचाहत्तरच्या आसपासच माणसे उरतील. त्यांची वर्गणी झाली सव्वाचार लाख डॉलरांच्या जवळपास. आकडा मोठा दिसतो खरा, परंतु त्यातून जागेचे भाडे, नोकरांचे पगार व व्यवसायाच्या विम्याचा हप्ता वजा घालावा लागतो, आणि पुढच्या वर्षी हीच माणसे पुन्हा पैसे भरतील याची हमी कोणी देत नाही. ज्याच्यावर रुग्णांचा खरा लोभ आहे, त्यालाच ही वाट पेलते. नवख्याला ती बहुधा बंदच असते.

काही डॉक्टर मधला मार्ग काढतात. त्यांचे काही रुग्ण वर्गणीचे आणि बाकीचे नेहमीप्रमाणे विम्याचे असतात. उत्पन्नाच्या दृष्टीने ही वाट सुरक्षित आहे. पण एकाच दवाखान्यात दोन रांगा लागतात. वर्गणीचा रुग्ण थेट आत जातो आणि दुसरा बाकावर बसून भिंतीवरचे घड्याळ पाहतो. परिचारिकेलाही कोणाशी कसे बोलावे हा पेच पडतो. पंगतीत वाढताना पंक्तिप्रपंच करणाऱ्याला आपल्याकडे जे नाव ठेवतात, ते या डॉक्टरला ऐकून घेण्याची तयारी ठेवावी लागते.

दुसरी वाट कंपनीच्या आश्रयाची. एमडी-व्हीआयपीसारखी कंपनी रुग्णांना पत्रे पाठविणे, वर्गणी गोळा करणे, कायद्याचा सल्ला, जाहिरात ही सारी कामे अंगावर घेते. डॉक्टर दवाखान्याचा मालक राहतो, परंतु वर्गणीतील हिस्सा कंपनीला देतो. सुरुवातीच्या काळात हा हिस्सा सुमारे एक तृतीयांश होता. ज्याला हिशेबाची धास्ती वाटते, त्याला हा सौदा परवडतो. मात्र कंपन्यांचे धनी बदलतात, हे त्याने ध्यानात ठेवलेले बरे. साबण व दंतमंजन विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल या प्रख्यात कंपनीने २००९ साली एमडी-व्हीआयपी संपूर्णपणे विकत घेतली होती आणि २०१४ मध्ये ती दुसऱ्या गुंतवणूकदारांना विकून टाकली. डॉक्टर-रुग्णाचे नाते जन्मभराचे असावे अशी अपेक्षा असते. भांडवलाचे नाते सामान्यतः पाच-सात वर्षांचेच असते.

तिसरी वाट पगारी नोकरीची. काही मोठ्या रुग्णालयांनीच असे विभाग उघडले आहेत. सिअ‍ॅटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००० साली आणि बोस्टनच्या सुप्रसिद्ध मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाने २०१६ साली अशी सेवा सुरू केली. तेथील डॉक्टरला पगार मिळतो, तज्ज्ञ हाताशी असतात, रजेच्या दिवशी बदली मिळते. याच जातीची पण स्वस्त आवृत्ती म्हणजे ‘वन मेडिकल’ ही २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेली कंपनी. तिची वार्षिक वर्गणी शे-दोनशे डॉलरांच्या घरातली, आणि बाकीचे पैसे ती नेहमीप्रमाणे विम्याकडून घेते. २०२३ साली ॲमेझॉन कंपनीने ती सुमारे तीनशे नव्वद कोटी डॉलरांना विकत घेतली. नुकतीच रेसिडेन्सी संपवून कर्ज फेडू पाहणाऱ्या तरुणाला ही वाट सर्वांत जवळची. पण येथे यादी मोठी आणि वेळ कमी, म्हणजे ज्या जाचातून सुटण्यासाठी निघावयाचे, त्याच्याच आसपास पोहोचण्याचा संभव अधिक.

चौथी वाट साध्या मासिक वर्गणीची. तिला तेथे ‘डायरेक्ट प्रायमरी केअर’ म्हणतात. या डॉक्टरने विम्याशी संबंधच तोडलेला असतो. महिन्याला साधारणपणे पन्नास ते शंभर डॉलर घ्यावयाचे आणि त्यात कितीही वेळा तपासावयाचे, एवढाच त्याचा नियम. विम्याचे कागद नाहीत म्हणून हिशेबनीस नाही, आणि हिशेबनीस नाही म्हणून खर्च कमी. एखादा डॉक्टर आणि एखादी परिचारिका मिळून छोट्या गावातही हा संसार चालवितात. इलेक्ट्रिशियन, सुतार, छोटे दुकानदार असे ज्यांना भारी विमा परवडत नाही ते लोकही येथे येतात. वॉशिंग्टन राज्याने २००७ साली कायदा करून अशी वर्गणी म्हणजे विमा नव्हे असे स्पष्ट केले. २०२५ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने तर जानेवारी २०२६ पासून माणसाला आपल्या करमुक्त आरोग्य-बचत खात्यातून ही वर्गणी भरण्याची मुभा दिली. त्याला मर्यादा एकट्यासाठी महिना दीडशे आणि कुटुंबासाठी तीनशे डॉलर. त्यामुळे पुढील काळात या वाटेवर वर्दळ वाढेल असे दिसते.

तरी ही वाट निष्कंटक नाही. ज्या डॉक्टर ब्लिस यांचा वर उल्लेख आला, त्यांनी २००७ साली सिअ‍ॅटलमध्ये याच तत्त्वावर मोठी संस्था उभारली. तिला नामवंत धनिकांचे भांडवल मिळाले, कारखानदारांनी आपले नोकर तिच्याकडे सोपविले, सरकारी मदतीवरचे गरीब रुग्णही तिच्याकडे आले. वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले. परंतु २०१७ साली ती बंद पडली. हेतू चांगला आणि सेवा चांगली, एवढ्यावर दवाखान्याचा महिनाअखेर भागत नाही, हे कटू सत्य तिने मागे ठेवले.

याशिवाय बालरोगतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, वृद्धांना घरी जाऊन तपासणारे डॉक्टर, हेही थोड्याफार प्रमाणात वर्गणी घेऊ लागले आहेत. अनुभवी डॉक्टरांना अशा संस्थांत देखरेखीची कामेही मिळतात. पण मुख्य रस्ते हे चारच.

कायद्याची कुंपणे

या रस्त्यांवर कायद्याची कुंपणेही आहेत, आणि ती ओलांडणाऱ्याला दंड झालेला आहे. अमेरिकेत पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी १९६५ च्या कायद्याने ‘मेडिकेअर’ ही सरकारी विमायोजना सुरू झाली. तिच्यात असलेल्या डॉक्टरने, जी सेवा सरकार आधीच देते तिच्यासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घेणे निषिद्ध आहे. २००४ साली मिनेसोटा राज्यातील एका डॉक्टरवर सहाशे डॉलरांच्या वार्षिक वर्गणीबद्दल असाच ठपका आला आणि तडजोडीत त्याला त्रेपन्न हजारांहून अधिक डॉलर भरावे लागले. म्हणून या व्यवस्थेतील डॉक्टर वर्गणीच्या करारात ‘विस्तृत वार्षिक तपासणी’, ‘अहोरात्र संपर्क’ अशा, सरकारी यादीत नसलेल्या गोष्टी नेमकेपणाने लिहितात. ज्याला हे बंधनच नको, त्याने १९९८ पासून मिळालेल्या सवलतीनुसार मेडिकेअरमधून दोन वर्षांसाठी बाहेर पडावयाचे. पण एकदा बाहेर पडला की, आणीबाणीचा प्रसंग सोडता, त्याला कोणत्याही वृद्ध रुग्णासाठी सरकारकडे बिल पाठविता येत नाही.

परदेशातून गेलेल्या डॉक्टरांना आणखी एक कुंपण आहे, आणि ते आपल्या श्रोत्यांनी विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. भारतातून, आणि त्यात मराठी घरांतूनही, गेली साठ वर्षे डॉक्टर अमेरिकेत जात आहेत. यांपैकी पुष्कळजण रेसिडेन्सीसाठी ‘जे-१’ नावाच्या परवान्यावर जातात. शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची त्यात अट असते. ही अट माफ करून घ्यावयाची तर, प्रत्येक राज्याला दरसाल तीस जागा देणाऱ्या एका योजनेप्रमाणे, डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षे नोकरी करावी लागते. म्हणजे या तरुणांचा पहिला मुक्काम वर्षासनी दवाखान्यात नसतो. तो असतो मिसिसिपीतल्या एखाद्या खेड्यात किंवा डाकोटाच्या बर्फात. ज्या ठिकाणी तेथला स्थानिक डॉक्टर राहावयास राजी नसतो, तेथे आपला मुलगा किंवा मुलगी दिवसाला वीस-पंचवीस रुग्ण तपासत असते. वर्षासनाची गोष्ट त्यांच्यासाठी निघालीच तर पुष्कळ नंतर निघते.

मागे कोण उरले?

आता सर्वांत अवघड प्रश्न. वर सांगितलेल्या त्या पन्नाशीतील डॉक्टरचे पत्र ज्या तेवीसशे घरांत पडले, त्यांपैकी दोन हजार घरांतील माणसांचे काय?

यासाठी थोडा साधा हिशेब करून पाहावा. डॉक्टर दिवसाचे पाच तास प्रत्यक्ष रुग्णांना देतो आणि वर्षाचे दोनशे वीस दिवस काम करतो असे धरले तर त्याच्याजवळ वर्षाला अकराशे तास असतात. तेवीसशे रुग्णांत हे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या तासाहूनही थोडे कमी येते. सहाशे रुग्णांत वाटले तर एक तास पन्नास मिनिटे येतात. रुग्णाला हा फरक स्वर्गासारखा वाटेल यात शंका नाही. परंतु अकराशे तासांचे अकराशे एक झालेले नाहीत. सहाशेजणांना जे मिळाले, ते सतराशेजणांच्या वाट्यातून आले आहे. विहीर तीच आहे. तिच्यावरचे रहाट मात्र कमी झाले.

उपरोक्त २००५ च्या अभ्यासात आणखीही काही आकडे आहेत. वर्गणीच्या डॉक्टरकडे सरासरीने ८९८ रुग्ण होते आणि इतर डॉक्टरांकडे २३०३. वर्गणीच्या डॉक्टरकडील रुग्णांत कृष्णवर्णीय सात टक्के, तर इतरांकडे सोळा टक्के. सरकारी मदतीवर जगणारे गरीब रुग्ण वर्गणीवाल्यांकडे पाच टक्के, तर इतरांकडे पंधरा टक्के. म्हणजे मागे राहतात ते बहुधा तेच, जे नेहमी मागे राहतात. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघाने २०२४ साली असा अंदाज केला की, २०३६ पर्यंत त्या देशात शहाऐंशी हजारांपर्यंत डॉक्टर कमी पडतील. अशा वेळी एका डॉक्टरने आपली यादी चौथाईवर आणणे ही केवळ त्याची खाजगी बाब राहत नाही.

बरे, ज्यांनी पैसे भरले त्यांचे आयुष्य तरी वाढते काय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात मेडिकेअरच्या रुग्णांची तपासणी करण्यात आली. वर्गणीच्या डॉक्टरकडे गेल्यावर त्यांच्या उपचारांवरील एकूण खर्च तीस ते पन्नास टक्क्यांनी वाढला, परंतु मृत्यूच्या प्रमाणात सरासरीने फरक आढळला नाही. अर्थात आयुष्य वाढणे एवढीच वैद्यकाची कसोटी नव्हे. भय कमी होणे, आपले कोणी ऐकून घेतले असे वाटणे, याही गोष्टी आजारात मोलाच्या असतात. पण ‘अधिक पैसे म्हणजे अधिक आयुष्य’ असे समीकरण जो मांडील, त्याला या आकड्यांचा आधार मिळत नाही.

डॉक्टरांची बाजूही तितक्याच न्यायाने ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, ‘ही वाट नसती तर आम्ही धंदाच सोडला असता, आणि मग त्या सहाशेजणांनाही डॉक्टर मिळाला नसता. थकलेल्या डॉक्टरच्या हातून चुका होतात. वीस रुग्ण वाईट रीतीने तपासण्यापेक्षा दहा नीट तपासणे हे अधिक प्रामाणिकपणाचे नव्हे काय?’ या युक्तिवादात तथ्य आहे. त्याच पाहणीत असेही दिसले की, वर्गणीच्या डॉक्टरांपैकी चौऱ्याऐंशी टक्के काही ना काही धर्मार्थ सेवा करीत होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २००३ साली अशा व्यवसायासाठी नीतिनियम घालून दिले. जे रुग्ण वर्गणी देऊ शकत नाहीत त्यांना वाऱ्यावर सोडू नये, त्यांची दुसऱ्या डॉक्टरकडे सोय लावून द्यावी, आणि जादा पैसे देणाऱ्यालाच उत्तम उपचार मिळतो असा आभास निर्माण करू नये, असा त्यांचा आशय आहे. अमेरिकेतील अंतर्रोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयानेही २०१५ मध्ये अशा डॉक्टरांना हेच बजावले की, गरिबांवर होणारा परिणाम कमी करण्याचे उपाय योजणे हे तुमचे कर्तव्य आहे.

नियम झाले, परंतु नियमांचे पत्र आणि हातातले पत्र यांत अंतर असते. वीस वर्षे ज्या डॉक्टरकडे विश्वासाने गेलो, त्याचे छापील पत्र एखाद्या सत्तरीच्या विधवेच्या हातात पडते. निवृत्तिवेतनात दीड हजार डॉलर बसत नाहीत. पत्राच्या खाली दुसऱ्या तीन डॉक्टरांची नावे असतात. त्यांतले दोघे नवे रुग्ण घेत नाहीत आणि तिसरा चार महिन्यांनंतरची तारीख देतो. तिच्या नवऱ्याचे शेवटचे दुखणे ज्याने पाहिले, त्याला ते पुन्हा सांगावे लागत नव्हते. आता ते एका अनोळखी तरुणाला पंधरा मिनिटांत सांगावयाचे असते. हे प्रत्येक वेळी असेच घडते असे नव्हे. पण जो डॉक्टर असे पत्र लिहावयास बसेल, त्याने निदान एकदा त्या बाईच्या खुर्चीत बसून ते वाचून पाहावे.

निवड करताना

तेव्हा या क्षेत्राचा विचार करणाऱ्या डॉक्टरने, आणि आपल्या मुलांना वैद्यकाकडे पाठवू पाहणाऱ्या पालकांनीही, काही गोष्टी आधीच तोलून पाहिल्या पाहिजेत. पहिली गोष्ट स्वभावाची. ज्याला रात्री दोन वाजता वाजलेल्या फोनचा वैताग येतो, त्याने वर्षासनाच्या वाटेला जाऊ नये. रुग्ण थोडे असले तरी प्रत्येकाचा हक्क मोठा असतो. दुसरी गोष्ट बाण्याची. धनिक रुग्ण नको असलेली तपासणी किंवा नको असलेले औषध हट्टाने मागतो, तेव्हा त्याची वर्गणी डोळ्यांपुढे असतानाही ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. ज्याला हे जमणार नाही तो हळूहळू डॉक्टर न राहता कारभारी बनेल, आणि मग कॉन्सिअर्ज हा शब्द त्याला शब्दशः लागू पडेल. तिसरी गोष्ट बुद्धीची धार. केवळ निरोगी आणि सुखवस्तू माणसांचे रक्तदाब मोजीत राहिल्याने विद्येवर गंज चढतो. म्हणून काही डॉक्टर आठवड्यातला एखादा दिवस धर्मार्थ दवाखान्यासाठी राखून ठेवतात किंवा विद्यार्थ्यांना शिकवितात. चौथी गोष्ट मागे राहणाऱ्यांची. जे वर्गणी भरू शकत नाहीत अशा काही जुन्या रुग्णांसाठी आपल्या यादीत जागा ठेवता येते. ती किती ठेवावयाची, हे कोणताही कायदा सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.

आपल्याकडच्या त्या जुन्या डॉक्टरांचे स्मरण येथे पुन्हा होते. तेही काही संन्यासी नव्हते. त्यांनाही घर होते, मुलाबाळांची शिक्षणे होती. पेठेतल्या व्यापाऱ्याकडून ते भेटीची फी पुरेपूर घेत आणि वाड्याच्या मागच्या खोलीतील मोलकरणीच्या पोराला तपासून ‘राहू द्या, पुढच्या वेळी पाहू’ म्हणून कंपाउंडरला औषधाची बाटली भरावयास सांगत. ती पुढची वेळ कधी येत नसे, आणि दोघांनाही ते ठाऊक असे. व्यापाऱ्याच्या फीतून पोराच्या बाटलीचे पैसे निघत. या व्यवहाराला त्यांनी नाव दिले नव्हते की त्याचा करार केला नव्हता. एकाच बाकावर दोघेही बसत आणि ज्याची पाळी येई तो आत जाई.

अमेरिकेतील नव्या वाटा चुकीच्याच आहेत असे कोणी म्हणू नये. थकलेल्या डॉक्टरला श्वास घ्यावयास जागा हवी आहे आणि रुग्णाला ऐकून घेणारा माणूस हवा आहे. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. त्या एकत्र आल्या आणि त्यातून एक व्यवसाय उभा राहिला, यात नवल नाही. मात्र जो कोणी या व्यवसायात पाऊल टाकील, त्याने आपल्या दवाखान्यातला तो बाक काढून टाकण्यापूर्वी त्यावर कोण बसत होते याची एकदा नीट नोंद घ्यावी, आणि त्यांतल्या निदान काही जणांसाठी तरी तो तसाच राहू द्यावा.